बणीतील गेरू

दिल्ली सात वेळा वसली, असे या शहराची ओळख करून देताना सांगण्याची रीत आहे. लालकोट, सिरी, तुघलकाबाद, जहाँपनाह, फिरोजाबाद, दीनपनाह आणि शाहजहानाबाद अशी नावे बोटांवर मोजली जातात. कोणी त्यात इंग्रजांची नवी दिल्ली मिळवून आकडा आठावर नेतो, तर कोणी पुराण्या किल्ल्याखाली इंद्रप्रस्थ शोधतो. या साऱ्या मोजणीमागे एक गृहीत आहे. शहर कोणीतरी वसवावे लागते, आणि वसवणाऱ्याचे नाव लागल्याखेरीज त्या भूमीचा इतिहास सुरू होत नाही. मी या शहरात अनेक वर्षे राहिले, कोकणातून आलेल्या पाहुण्यांना मकबरे आणि मिनार दाखवत हिंडले, तेव्हा माझ्याही बोलण्यात हीच सात नावे असत.

परंतु या शहराला पाठीचा कणाही आहे, आणि तो कोणी वसवलेला नाही. गुजरात-राजस्थानातून निघालेली अरवलीची रांग हरियाणातून दिल्लीत शिरते आणि वजीराबादजवळ यमुनेच्या काठाशी मावळते. दिल्लीकर तिला ‘रिज’ म्हणतात. तिचा खडक क्वार्ट्झाइटचा आहे. वाळूचेच थर दाबाने आणि उष्णतेने घट्ट होऊन गारेसारखे कठीण झालेले, शंभर कोटी वर्षांहून जुने. १९५६ साली सुरजित सिन्हा या मानववंशशास्त्रज्ञांना दिल्ली विद्यापीठाच्या मुख्य प्रवेशद्वाराजवळ अश्मयुगीन हत्यारे सापडली. पुढे १९८०च्या दशकात दिलीप चक्रवर्ती आणि नयनज्योत लाहिरी यांनी दिल्ली आणि हरियाणातील अश्मयुगीन स्थळांचे सर्वेक्षण केले. सूरजकुंडाजवळच्या अनंगपूर येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केले, तेव्हा तिथे पुराश्मयुगीन माणसाने घडवलेली हत्यारे मोठ्या संख्येने मिळाली. सात दिल्ल्यांच्या आधी एक दिल्ली होती, आणि तिच्या रहिवाशांनी आपले नाव ठेवण्याची व्यवस्था केलेली नव्हती.

या खडकाशी नंतरच्या दिल्ल्यांनी कसा व्यवहार केला, हे पाहण्यासारखे आहे. रायसीनाच्या टेकडीचा माथा सुरुंग लावून उतरवला गेला आणि तिथे व्हाइसरॉयचा प्रासाद उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर निर्वासितांच्या वसाहती, सरकारी निवासस्थाने, पुढे गृहनिर्माण संस्था असे शहर चहूकडे वाढत गेले, तसतसा दगड आणि खडीसाठी दक्षिणेकडचा डोंगर पोखरला गेला. दिल्लीतील गवंड्यांच्या बोलण्यात ‘बदरपूर’ हा शब्द नेहमी येतो. बदरपूर हे गावाचे नाव. पण गवंड्याच्या तोंडी त्याचा अर्थ जाड, लालसर रेती असा आहे. त्या भागातील क्वार्ट्झाइटच्या खाणींतून ती येई, म्हणून गावाचे नाव रेतीला पडले. इथल्या कितीतरी भिंतींच्या चुन्या-सिमेंटात ही रेती आहे. बहुधा माझ्याही घराच्या भिंतीत आहे.

१९६६ साली दक्षिण दिल्लीत श्रीनिवासपुरीजवळ बांधकामाच्या निमित्ताने असाच एक खडक फोडला जाणार होता. तेथील कंत्राटदाराच्या नजरेला खडकावर काही अक्षरे दिसली. काम थांबले, जाणकार आले, आणि तो सम्राट अशोकाचा लघुशिलालेख निघाला. दिल्लीत अशोकाचे दोन स्तंभ आहेत. पण ते फिरोजशाह तुघलकाने दुसरीकडून आणवलेले. हा लेख मात्र इथल्याच खडकावर कोरलेला. या घटनेची आठवण झाली की माझ्या मनात एक प्रश्न येतो. खडकावर अक्षरे होती म्हणून तो वाचला, कारण अक्षर ओळखीचे नसले तरी ते अक्षर आहे एवढे माणसाला कळते. पण एखाद्या खडकाच्या पोटाशी गेरूचा फिकट डाग असेल, हरणाच्या पाठीची एखादी रेघ असेल, तर सुरुंग लावणाऱ्याने ती कशी ओळखावी? अशा किती रेघा बदरपूर होऊन दिल्लीच्या भिंतींत गेल्या असतील, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात मिळणार नाही.

म्हणून २०२१ साली मांगरची बातमी आली, तेव्हा मी ती पुन्हा पुन्हा वाचली. मांगर हे हरियाणातील फरिदाबाद जिल्ह्यातले गाव, गुडगाव-फरिदाबाद रस्त्यालगतचे. गावाच्या हद्दीतील अरवलीच्या डोंगरात खडकांच्या कपारींत गुहाचित्रे असल्याचे राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या पाहणीत नोंदले गेले. माणसांच्या आकृती, प्राणी, पानोळा, काही भौमितिक आकार. बहुतेक गेरूने काढलेले, काही पांढऱ्या रंगातले. परिसरात दगडी हत्यारेही विखुरलेली होती. दिल्लीच्या इतक्या निकट चित्रे असलेली प्रागैतिहासिक जागा प्रथमच नोंदली जात होती. बातमीत ‘शोध’ हा शब्द होता. पण त्याच बातमीत एक वाक्य असेही होते की, गावातल्या लोकांना ही चित्रे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती.

हे वाक्य मला अनोळखी नव्हते. रत्नागिरीच्या आणि राजापूरच्या सड्यांवरील कातळशिल्पांची कथाही अशीच आहे. गुराख्यांना ती ठाऊक होती, कातळावर भाजणी करणाऱ्यांना ठाऊक होती. कोणी ती पांडवांनी एका रात्रीत कोरली असे सांगे. गेल्या पंधरावीस वर्षांत रत्नागिरीतील काही ध्यासवेड्या माणसांनी गावोगाव पायी फिरून त्यांची नोंद केली, राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाने त्यात लक्ष घातले, आणि २०२२ साली उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातील फणसायमळ अशा नऊ स्थळांचा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. कशेळीचा हत्ती एवढा मोठा आहे की त्याच्या अंगावर उभे राहिले तर आपण हत्तीवर उभे आहोत हे समजत नाही. जांभ्याच्या सपाटीवर चित्र आडवे पडलेले असते. ते पाहायचे तर वर जावे लागते. कोरणाऱ्याला मात्र वर जाण्याची सोय नव्हती. अरवलीचा गारखडक उभा फुटतो, त्याला कपारी आणि छपरे असतात. इथे चित्र छताला किंवा भिंतीला असणार, आणि त्यासाठी वाकावे लागणार. ती वाकण्याची तयारी ठेवून मी एका फाल्गुनात मांगरला गेले.

सोबत पुरातत्त्वाची एक विद्यार्थिनी होती. गुडगावहून फरिदाबादकडे जाणारा रस्ता डोंगरातून जातो. पण प्रथम दिसला तो डोंगर कचऱ्याचा होता. बंधवाडीला दोन शहरांचा कचरा येऊन पडतो. त्याच्यावर घारी घिरट्या घालीत होत्या. पुढे रस्त्याच्या बाजूला जुन्या खाणींचे खड्डे लागले. खणता खणता भूजल लागले, आणि २००२ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी खाणी बंद होत गेल्यावर ते खड्डे तळी होऊन राहिले. पाणी निळे, स्वच्छ, आणि कडा सरळ तुटलेल्या. प्रेक्षणीय म्हणावे असे ते दृश्य आहे. तुटलेल्या कड्यावर सुरुंगाच्या भोकांच्या उभ्या पन्हळी अजून दिसतात. या कड्यांच्या जागी पूर्वी उतार असणार, उतारावर कपारी असणार. विद्यार्थिनी काही बोलली नाही, मीही बोलले नाही.

गावात एका वृद्ध गुर्जर गृहस्थांच्या अंगणात आम्ही थांबलो. वय ऐंशीच्या आसपास, डोक्याला पांढरे पागोटे, समोर हुक्का. त्यांना सारे ताऊ म्हणत होते, म्हणून आम्हीही ताऊ म्हटले. त्यांच्या नातवाने वर यायचे कबूल केले होते. निघण्यापूर्वी ताऊंनी मला एकच गोष्ट बजावली. “बेटी, वहाँ से तिनका भी मत लाना.” चित्रांविषयी ते काही बोलले नाहीत. त्यांच्या लेखी सांगण्यासारखी गोष्ट चित्रांची नव्हतीच, बणीची होती.

बणी म्हणजे गावाने राखलेले रान. मांगर, बंधवाडी आणि बालियावास या तीन गावांनी मिळून हे रान राखले. या रानात गुदडिया दास नावाचे बाबा तप करीत आणि इथल्याच एका गुहेत ते अंतर्धान पावले, अशी श्रद्धा आहे. गुदडी म्हणजे आपली गोधडी. मला तरी त्या नावात चिंध्यांची गोधडी पांघरलेला कोणी फकीर दिसला. बाबांच्या रानात कुऱ्हाड चालवायची नाही, शेळ्या सोडायच्या नाहीत, वाळलेली काटकीही घरी न्यायची नाही. नेली तर घरात दुखणे येते, गुरे मरतात, काही ना काही विपरीत घडते. ताऊंनी अशा दोनतीन गोष्टी नावागावासकट सांगितल्या. त्यांच्या सांगण्यात धाक होता, पण त्याहून अधिक एक निश्चिंती होती. नियम आपण केलेला नाही, म्हणून तो मोडण्याचा अधिकारही आपल्याला नाही, अशी ती निश्चिंती.

हे ऐकताना मराठी माणसाच्या मनात एकच शब्द येतो, देवराई. आमच्याकडे तिला देवरहाटी म्हणतात. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा आसपासचे डोंगर बोडके झालेले असताना गावदेवाच्या नावाने राखलेल्या एकदोन एकरांत मूळच्या अरण्याचे अवशेष कसे टिकून आहेत हे विद्वानांच्या ध्यानात आले. देवराईतही वाळलेले लाकूड न्यायचे नाही असाच दंडक असे. सह्याद्री आणि अरवली यांच्यात भाषेचे, पावसाचे, दगडाचे एवढे अंतर असताना दोन्हीकडील गावांनी एकाच शब्दात आज्ञा दिली: राहू द्या.

बणीच्या हद्दीत शिरताच रान बदलते. दिल्लीच्या रिजवर आणि आसपासच्या डोंगरांवर जिकडेतिकडे विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ, माजली आहे. इंग्रजांच्या काळात ती उजाड टेकड्या हिरव्या करण्यासाठी लावली गेली आणि तिने मूळच्या झाडांना जागा ठेवली नाही. इथे मात्र धौ आहे. आपल्याकडच्या धावड्याचा हा भाऊबंद, पण लहानखुरा, वाकलेल्या फांद्यांचा, बारीक पानांचा. खडकाच्या फटीत मूळ घालून उतारच्या उतार तो एकटा व्यापतो. थंडीत त्याची पाने तांब्यासारखी होतात. मी गेले तेव्हा बहुतेक गळून गेली होती, आणि साऱ्या दरीवर करड्या फांद्यांचे जाळे पसरले होते. नवी पालवी पावसाबरोबर येईल, असे नातू म्हणाला. मध्येच एखादी साळई आपली कागदासारखी सुटणारी साल घेऊन उभी होती, आणि खालच्या बाजूला पळस फुलला होता. मोर ओरडत होते. वाटेवर नीलगाईच्या लेंड्या पडल्या होत्या. नातवाने बिबट्याच्या पावलाचा ठसा दाखवला आणि तो कालचा असावा असे सहज सांगितले. गुडगावच्या काचेच्या इमारती दक्षिणेकडच्या वाऱ्यासारख्या कुठेतरी असतील, पण त्या दरीत उभे असता दिसत नव्हत्या.

हा तरुण शहरातील महाविद्यालयात शिकलेला. पक्षी मोजतो, झाडांची नावे लिहून ठेवतो, बाहेरून येणाऱ्या अभ्यासकांना वाट दाखवतो. बाबांच्या कोपावर त्याचा आजोबांसारखा विश्वास असेल असे मला वाटले नाही. मी त्याला तसे विचारलेही नाही. पण चढताना वाटेवर आडवी आलेली फांदी त्याने हाताने उचलून धरली, आम्ही दोघी खालून पुढे गेलो, आणि मग त्याने ती हळूच सोडली. ती मोडली असती तर आम्हाला येताजाता सोपे झाले असते.

कपार फार मोठी नव्हती. तीनचार माणसे उकिडवी बसू शकतील एवढी. वरचा खडक पुढे आलेला, त्यामुळे पाऊस आत येत नाही. आत गेल्यावर प्रथम काहीच दिसले नाही. खडकाला स्वतःचेच इतके रंग होते, लोहाचे तांबूस ओघळ, काळ्या बुरशीचे ठिपके, की चित्र कुठे आणि दगड कुठे हे समजेना. विद्यार्थिनीने बोट न लावता, अंतरावरून, हवेत एक रेघ काढून दाखवली. मग तिच्या बोटाच्या मागोमाग नजर गेली आणि एक आकृती दिसू लागली. दोन पाय, किंचित वाकलेले धड, वर उचललेला हात. शेजारी दुसरी. त्यांच्या वरच्या अंगाला एक प्राणी असावा, पाठीची एक लांब ओढ आणि तिच्या टोकाला शिंगासारखे काही. एकदा दिसल्यावर ते न दिसणे अशक्य झाले. दुसऱ्या बाजूला पांढऱ्या रंगातल्या काही खुणा होत्या. त्या नंतरच्या काळातील असाव्यात असे जाणकार मानतात. म्हणजे पहिली माणसे गेल्यावर कितीतरी शतकांनी दुसरी कोणी याच छपराखाली येऊन बसली, तिने आधीच्या रेघा पाहिल्या, आणि आपली खूण त्यांच्यावर न काढता बाजूला काढली.

गेरूची चित्रे वीस ते चाळीस हजार वर्षांपूर्वीची असावीत, असा अंदाज २०२१ साली वर्तवला गेला. अंदाज आणि काळनिश्चिती यांत अंतर असते. गुहाचित्रांत वापरलेला गेरू हे लोहाचे खनिज. त्यात कोळशासारखे सेंद्रिय द्रव्य नसल्याने त्याचे वय थेट काढणे अवघड असते. मला त्या आकड्यापेक्षा गेरूचेच नवल वाटत होते. आमच्या घरी दिवाळीपूर्वी तुळशीवृंदावनाला गेरू लावीत. पाण्यात कालवलेल्या काव-गेरूचा तो मातट वास, तळहाताच्या रेषांत दोन दिवस राहणारा तांबडेपणा, हे मला आठवले. इथे बसलेल्याच्याही तळहातावर तो राहिला असेल. तो नदीवर गेला तरी लगेच निघाला नसेल. बाकी त्याच्याविषयी आपल्याला जवळजवळ काही ठाऊक नाही. त्याची भाषा, त्याचे देव, त्याने हे कोणासाठी काढले, मुलांना दाखवले की मुलांपासून लपवले, यांतले काही उरलेले नाही. हात मात्र कळतो. रेघ ओढताना तो कुठे थांबला आणि कुठे पुन्हा सुरू झाला, ते खडकावर दिसते.

भारतात ही चित्रे विद्येच्या नजरेला पडली ती तशी फार लवकर. आर्चिबाल्ड कार्लाइल यांनी १८६७-६८ मध्ये मिर्झापूरच्या कैमूर टेकड्यांत सोहागीघाट येथे गुहाचित्रे पाहिली. स्पेनमधील अल्तामीराची चित्रे उजेडात आली ती १८७९ साली, म्हणजे त्यानंतर. पण कार्लाइल यांनी आपल्या पाहणीविषयी त्या वेळी काही प्रसिद्ध केले नाही, आणि त्यांच्या टिपणांतील माहिती बाहेर यायला विसावे शतक उजाडावे लागले. दुसरे नाव विष्णू श्रीधर वाकणकरांचे. नीमचला जन्मलेल्या आणि उज्जैनला आयुष्य वाहिलेल्या या मराठी चित्रकाराला १९५७ साली रेल्वेच्या खिडकीतून भोपाळजवळचे खडक दिसले, आणि ते उतरून तिकडे चालत गेले. त्यातून भीमबेटका जगाला कळले, आणि २००३ साली ते जागतिक वारसा ठरले. वाकणकर स्वतः चित्रकार होते, हे मला महत्त्वाचे वाटते. रेघेवर नजर ठरण्यासाठी हातालाही रेघेची ओळख असावी लागते.

तथापि पाहणे आणि राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मांगरच्या कपारीत बसले असता मला दुसरीचे माहात्म्य अधिक जाणवत होते. ऑस्ट्रेलियातील मूळ निवासींच्या चित्रांविषयी मी वाचले आहे. तिथल्या किंबर्ली प्रदेशात वांजिना नावाच्या पर्जन्यदायी देवतांची चित्रे खडकांवर आहेत. मोठे डोळे, भोवती प्रभावळ, आणि तोंड नसलेला चेहरा. ज्या कुळांकडे त्या जागेचा अधिकार असतो, त्यांनी ती चित्रे वेळोवेळी पुन्हा रंगवायची असतात. रंग ताजा राहिला तर पाऊस वेळेवर येतो. तिथे चित्रकार आणि राखणदार यांच्यातील धागा तुटलेला नाही. आणि तरीही २०२० च्या मे महिन्यात पश्चिम ऑस्ट्रेलियातील जुकान घळीतील दोन शिलाश्रय लोहखनिजाच्या खाणीसाठी सुरुंगांनी उडवण्यात आले. तिथे माणसाच्या वावराचा पुरावा शेहेचाळीस हजार वर्षे मागे जात होता. त्या भूमीचे धनी, पुटु कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा समाजाची माणसे, ती जागा आपली आहे असे सांगत होती. स्फोट बेकायदा नव्हता. रीतसर परवानगी घेऊन तो केला गेला होता.

मांगरमध्ये तसा धागा नाही. ताऊंचे पूर्वज त्या चित्रकारांचे वंशज आहेत असे कोणी म्हणत नाही, ते स्वतःही म्हणत नाहीत. चित्रे राखावीत असा कोणताही नियम गावाने केला नव्हता. गावाने झाडे राखली, तीही झाडांसाठी न राखता दिलेल्या शब्दासाठी राखली. झाडे राहिली म्हणून उतारावर वाट झाली नाही. वाट नव्हती म्हणून खाणीचे यंत्र वर चढले नाही. आणि खाण आली नाही म्हणून आसपासच्या डोंगरातील कपारी जागेवर राहिल्या. कोणी काहीतरी न केल्यामुळे गोष्ट टिकते, याची उदाहरणे इतिहासात लिहिली जात नाहीत. इतिहास केलेल्या गोष्टींचा असतो. सात दिल्ल्यांची यादी ही वसवणाऱ्यांची यादी आहे. न तोडणाऱ्यांची यादी करायची म्हटली तर तिला नावेच मिळणार नाहीत, कारण त्यांनी जे केले ते रोज थोडे थोडे, कुऱ्हाड खांद्यावर असताना, घरी सरपण कमी असताना, पिढ्यान्‌पिढ्या केले.

आणि आता हे न करणे अवघड होत चालले आहे. गावाची शामलात, म्हणजे सामायिक जमीन, गेल्या शतकाच्या उत्तरार्धात कागदोपत्री वाटली गेली. ज्या डोंगराचा कोणी एक मालक नव्हता त्याचे हिस्से झाले, आणि हिस्सा झाला की त्याचा भाव होतो. बाहेरच्या माणसांनी ते हिस्से विकत घेतले. त्यांना बाबांचा धाक असण्याचे कारण नव्हते. गावातल्या आणि शहरातल्या काही माणसांनी बरीच वर्षे झगडून या रानासाठी आवाज उठवला, तेव्हा २०१६ साली हरियाणा सरकारने बणीचे ६७७ एकर आणि भोवतालचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवण्याचे ठरवले. तरी प्रश्न मिटत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात आसपासच्या जमिनीपासून शंभर मीटर उंच असेल तीच अरवलीची टेकडी, अशी व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारली. लोकांतून मोठा विरोध झाला, आणि डिसेंबर संपण्यापूर्वी न्यायालयानेच तो निर्णय स्थगित ठेवला. व्याख्येचा वाद कायदेपंडितांचा आहे. पण मला वाटते, ज्या कपारीत मी उकिडवी बसले होते ती किती मीटरवर आहे, हे तिथे गेरू उगाळणाऱ्याने मोजले नव्हते. त्याला पावसापासून आडोसा पुरेसा होता.

चित्रे माहीत झाल्याने धोका टळला असेही म्हणवत नाही. आजवर कोणाला ठाऊक नव्हते म्हणून कपारीत कोणी जात नव्हते. आता माणसे येतील. आमच्यासारखी येतील. भीमबेटकाला कठडे आहेत, पाट्या आहेत, राखणदार आहेत. इथे एक तरुण आहे आणि त्याच्या आजोबांची एक आज्ञा आहे. खडकावर खडूने किंवा कोळशाने नाव लिहिण्याची हौस आपल्या देशात कोणत्याही किल्ल्यावर दिसते. ज्यांनी नाव ठेवले नाही त्यांच्या चित्राशेजारी ती किती केविलवाणी दिसेल, हे लिहिणाऱ्याला लिहून झाल्यावरही कळत नाही. कोकणातही बारसूच्या सड्यावर २०२३ साली तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या निमित्ताने जो संघर्ष पेटला, त्यात कातळशिल्पांचे काय होणार हा प्रश्न होता. नोंद झाल्यामुळे तो प्रश्न निदान विचारता आला. नोंद ही अशी दुधारी असते. तिच्याशिवाय गोष्ट मुकाट्याने जाते, आणि तिच्यामुळे ती गर्दीच्या वाटेवर येते.

म्हणून मला वाटते की या बाबतीत विद्येने गावाकडून एक गोष्ट उसनी घ्यावी. पुरातत्त्वाने काळ सांगावा, कायद्याने हद्द आखावी, ही त्यांची कामे आहेत, आणि ती व्हायलाच हवीत. पण हद्द आखून झाल्यावर हद्दीच्या आत कसे वागावे, याचे शिक्षण राजपत्रातून मिळत नाही. तीन गावांना ते एका बाबांच्या नावाने मिळाले. त्या नावावरचा विश्वास नातवाच्या पिढीत पातळ होईल, पणतूच्या पिढीत कदाचित राहणार नाही. त्या वेळी विश्वासाची जागा ज्ञानाने घ्यावी अशी आपली अपेक्षा असते. ज्ञान ती जागा घेऊ शकेल की नाही, हे ज्ञानाच्या मोठेपणावर अवलंबून नाही. वाटेत आडव्या आलेल्या फांदीपुढे आपला हात काय करतो, त्यावर अवलंबून आहे.

धौ बियांतून क्वचितच रुजतो, असे वनस्पतींचे जाणकार सांगतात. तो मुळांवाटे पसरतो, फार सावकाश, खडकाखालून. उघडा पडलेला उतार पुन्हा व्यापायला त्याला माणसाच्या कित्येक पिढ्या लागतात, आणि त्या काळात त्याला कोणाकडून काही लागत नाही. पाणी नको, खत नको, कुंपणही नको. शेळ्या आवरल्या आणि कुऱ्हाड आवरली म्हणजे पुरते. दिल्लीसारख्या, सतत काहीतरी उभारण्यात गुंतलेल्या शहराकडे मागण्यासाठी ही मागणी फार लहान आहे, आणि तिच्या इतिहासात तिने ती क्वचितच मानली आहे. पुढल्या आषाढात पाऊस आला म्हणजे त्या करड्या दरीवर पालवी येईल. कपारीच्या छपरावरून पाणी पुढे पडेल, आतला गेरू कोरडा राहील.